मोटारसायकलचा विमा आणि वर्षाचे रनिंग : अंदाज कसा काढावा?

– ऊस विकास अधिकारी, वडीगोद्री गट



आपल्या वडीगोद्री गटात ज्या घराच्या दारात मोटारसायकल नाही, असे घर आज शोधावे लागेल. पूर्वी बैलगाडी आणि सायकल मिळून जे काम करीत, ते सगळे आता या दोन चाकांवर आले आहे. दुधाचे कॅन तिच्यावर, खताची गोणी तिच्यावर, चारीवर पाणी धरायला जाणे तिच्यावर आणि ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम गाठायला पहाटे निघणेही तिच्यावरच. तेव्हा तिच्या विम्यासंबंधी चार गोष्टी या पत्रिकेत लिहिल्या, तर विषय सोडून लिहिले असे कोणी म्हणणार नाही.

लिहिण्याचे कारण असे. पूर्वी विमा उतरवताना एजंट आरसी बुक घेऊन जात असे, पैसे सांगत असे आणि पॉलिसी आणून देत असे. अलीकडे बरेच सभासद, किंवा त्यांची मुले, मोबाईलवरच विमा उतरवतात. तिथे काही ठिकाणी एक नवा प्रश्न पुढे येतो : "गाडी वर्षाला किती किलोमीटर चालेल?" खाली दोन-तीन आकडे दिलेले असतात. सगळ्यात लहान आकड्याला हप्ता सगळ्यात कमी. मग हात आपोआप तिकडेच जातो. "आपली गाडी कुठं एवढी फिरती? शेत आन् घर, घर आन् शेत." हे वाक्य गट ऑफिसात मी कितीदा तरी ऐकले आहे. शेत आणि घर या दोन शब्दांत वर्षाला किती किलोमीटर बसतात, तेच या लेखात मोजायचे आहे.

आधी एका शब्दाचा घोळ मिटवू. हा प्रश्न विचारताना पुष्कळदा 'मायलेज' असा शब्द वापरतात. आपल्याकडे मायलेज म्हणजे अ‍ॅव्हरेज, एका लिटरला गाडी किती जाते ते. इथे तो अर्थ नाही. इथे गाडीचे वर्षभराचे रनिंग विचारलेले असते. म्हणून त्या रकान्यात ५५ किंवा ६० असा आकडा टाकून मोकळे होऊ नये. लिटरला साठ देणारी गाडी वर्षाला साठच किलोमीटर चालते असे लिहून दिले, तर उद्या क्लेमच्या वेळी तो कागद आपल्यालाच तोंडघशी पाडील.

रनिंगचा संबंध नेमका कशाशी?

मोटारसायकलच्या विम्याचे दोन भाग असतात आणि ते मनात वेगवेगळे ठेवले पाहिजेत.

पहिला भाग थर्ड पार्टीचा. आपल्या गाडीने दुसऱ्या कोणाला इजा झाली, कोणी दगावले, कोणाचे नुकसान झाले, तर त्याची भरपाई या भागातून होते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ प्रमाणे हा भाग सक्तीचा आहे. त्याचा हप्ता सरकार ठरवून देते आणि तो इंजिनच्या सीसीवर असतो. १ जून २०२२ पासून जे दर लागू झाले, त्यांत ७५ सीसीपर्यंत ५३८ रुपये, ७५ ते १५० सीसीला ७१४ रुपये, १५० ते ३५० सीसीला १,३६६ रुपये आणि त्यापुढे २,८०४ रुपये असा वर्षाचा हप्ता धरला आहे. वर जीएसटी वेगळा. विमा घेताना त्या दिवशीचा दर विचारून घ्यावाच. या दरपत्रकात किलोमीटरला कुठेही जागा नाही. गाडी शंभर किलोमीटर चालो की वीस हजार, थर्ड पार्टीचा हप्ता तोच.

दुसरा भाग आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, ज्याला ओन डॅमेज म्हणतात. गाडी पडली, चोरीला गेली, जळाली, पुरात वाहिली, तर हा भाग कामाला येतो. हा सक्तीचा नाही. याचे दरसुद्धा पूर्वी ठरवून दिलेले होते. १ जानेवारी २००७ पासून ते मोकळे झाले आणि कंपन्या आपापले दर लावू लागल्या. पण आधार तोच राहिला : गाडीची आजची धरलेली किंमत, गाडीचे वय, सीसी आणि गाव कोणत्या विभागात मोडते ते. जुन्या दरपत्रकात मुंबई-पुण्यासारखी मोठी शहरे 'अ' विभागात आणि आपल्या जालना जिल्ह्यासारखा उरलेला सगळा मुलूख 'ब' विभागात होता. रनिंग तिथेही विचारीत नसत.

रनिंगचा प्रश्न आपल्याकडे आला तो अगदी अलीकडे. २०२० मध्ये काही कंपन्यांना प्रयोग म्हणून 'जेवढे चालवाल तेवढा हप्ता' अशा पॉलिसी काढू दिल्या. पुढे जुलै २०२२ मध्ये विमा नियामक प्राधिकरणाने ओन डॅमेजच्या भागाला जोड म्हणून अशी सोय देण्याची रीतसर मुभा दिली. सुरुवातीला ही सोय मुख्यतः मोटारींसाठी निघाली. तेव्हा आपल्या दुचाकीच्या पॉलिसीत ती आहे की नाही, हे प्रत्येकाने कागदावर बघून घ्यावे. नसेल, तर रनिंगचा आकडा हप्त्यासाठी लागतच नाही.

कल्पना नवीन नाही. जो जास्त रस्त्यावर, त्याला अपघाताचा धोका जास्त, म्हणून हप्ता अंतराप्रमाणे असावा, हा विचार अमेरिकेत विल्यम विक्री या अर्थशास्त्रज्ञाने १९६८ मध्येच मांडला होता. त्यांना पुढे १९९६ मध्ये नोबेल मिळाले. ब्रिटनमध्ये तर मोटारसायकलचा विमा घेताना वर्षाचे अंदाजी अंतर विचारणे ही नेहमीची रीत आहे. तिथे गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी सक्तीची तपासणी होते आणि त्या वेळी मीटरचा आकडा नोंदला जातो, म्हणजे थाप मारायला फारशी जागा उरत नाही. तिथल्या २०१२ च्या कायद्यात एक भेद मला आवडला. जाणूनबुजून खोटे सांगितले, तर कंपनी सबंध पॉलिसीच नाकारू शकते. निष्काळजीपणाने चुकीचे सांगितले आणि हप्ता कमी भरला गेला, तर ज्या प्रमाणात हप्ता कमी, त्या प्रमाणात भरपाई कमी. आपल्याकडे तो कायदा नाही. पण प्रस्तावाच्या फॉर्ममध्ये आपण जे लिहून देतो त्यावरच करार उभा राहतो, हे तत्त्व आपल्याकडेही आहे.

आकडा दोन प्रकारे कामाला येतो

सोय एका नावाची असली तरी तिचे प्रकार दोन असतात, आणि फरक मोठा आहे.

एका प्रकारात किलोमीटर आधीच विकत घ्यायचे असतात. समजा पाच हजार घेतले. ते संपेपर्यंत आपल्या गाडीच्या नुकसानीचा विमा चालू. संपले की तो भाग थांबतो, किंवा करारात लिहिले असेल त्याप्रमाणे भरपाई कापली जाते. मुदत संपण्याआधी जादा किलोमीटर घेण्याची सोय बहुधा असते. थर्ड पार्टीचा भाग मात्र पॉलिसीच्या शेवटच्या तारखेपर्यंत चालूच राहतो.

दुसऱ्या प्रकारात वर्षाचा विमा नेहमीसारखाच पूर्ण असतो. वर्ष संपल्यावर मीटर बघतात आणि रनिंग कमी भरले असेल तर पुढच्या हप्त्यात सवलत देतात. यात अंदाज चुकला तर सवलत जाते, विमा जात नाही.

आपल्या सभासदाने कोणता प्रकार घ्यावा, याबद्दल माझे मत पुढे हिशेबानंतर येईल. आधी आकडा काढू.

अंदाज बांधावरून घेऊ नये

उसाच्या एकरी उताऱ्याचा अंदाज आम्ही कसा काढतो, हे आपण पाहिलेले आहे. बांधावर उभे राहून काढलेला अंदाज नेहमी फुगतो, कारण कडेच्या उसाला उजेड-वारा जास्त मिळतो आणि तो जाड दिसतो. म्हणून प्लॉटच्या आत शिरावे लागते. सरी चार फुटांची असेल, तर एकरात सरीची लांबी सुमारे १०,८९० फूट भरते. आत दोन-तीन ठिकाणी दहा-दहा फूट मोजून सरासरी ३५ ऊस लागले, तर एकरी साधारण ३८,००० ऊस. ऊस तोडून वजन केले आणि सरासरी १ किलो ४०० ग्रॅम भरले, तर ५३ टन. बांधावरून तोच ऊस सत्तर टनांचा दिसत असतो.

रनिंगच्या बाबतीत उलटे होते. उसाचा अंदाज माणूस वाढवून सांगतो आणि गाडीच्या रनिंगचा कमी करून. कारण रोजचा शेताचा फेरा हा 'प्रवास' आहे असे त्याला वाटतच नाही. प्रवास म्हणजे जालना, बीड, नाही तर छत्रपती संभाजीनगर. तेवढेच लक्षात राहते. म्हणून इथेही आत शिरून मोजावे लागते.

एक नमुना देतो. माणूस कल्पनेतला आहे. अंतरे आपापल्या गावाप्रमाणे बदलून घ्यावीत.

घरापासून वस्ती तीन किलोमीटर. जाऊन-येऊन सहा. सकाळी एक फेरा, दुपारनंतर एक, म्हणजे दिवसाला बारा. वर्षातले ३०० दिवस धरले, तर ३,६०० किलोमीटर. डेअरी गावातच आहे, पण घालून-काढून दोन किलोमीटर होतात, आणि दुधाला सुट्टी नसते : ३६५ दिवसांचे ७३०. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे आवर्तन सुटले की पाणी दिवसा येईल की रात्री याचा भरवसा नाही. चारीवर कोणी फळी टाकली की काय, ते बघायला उठून जावेच लागते. वर्षाला असे ४० दिवस आणि दिवसाला दोन जादा फेरे धरले, तर ४८० किलोमीटर. आठवड्याचा बाजार, बँक, तहसील, दवाखाना, कृषी सेवा केंद्र मिळून आठवड्याला एक फेरा चाळीस किलोमीटरचा : ५२ आठवड्यांचे २,०८०. गाळप हंगामात टोळी, मुकादम, ट्रॅक्टर, गट ऑफिस आणि कारखाना यांच्यामागे तीस दिवस धरले आणि दिवसाला वीस किलोमीटर, तर ६००. (ज्यांचा ऊस वेळेवर तुटला ते म्हणतील तीस दिवस कशाला, ज्यांचा राहिला ते म्हणतील तीसच का.) लग्ने, दहावे, देवदर्शन, पाहुणे : महिन्याला एक फेरा ऐंशी किलोमीटरचा, म्हणजे ९६०. शेवटी घरातला मुलगा. तो गाडी घेऊन कुठे जातो हे विचारू नये, फक्त महिन्याला शंभर किलोमीटर धरावेत : १,२००.

बेरीज ९,६५० किलोमीटर झाली.

जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटर लांबीचा आहे. आपला 'शेत आन् घर' करणारा हा सभासद त्या कालव्याच्या तोंडापासून शेपटापर्यंत वर्षाला तेवीस वेळा जाऊन परत येण्याएवढी गाडी चालवतो. तोंडी विचारले असते, तर तो चार-पाच हजार म्हणाला असता.

ही झाली कागदावरची बेरीज. ती मीटरशी ताडून बघावी. गाडी घेऊन ४० महिने झाले आणि मीटरवर ३१,२०० दिसतात, तर महिन्याला ७८० आणि वर्षाला ९,३६० पडतात. दोन्ही आकडे जवळ आले म्हणजे अंदाज ठीक. फार अंतर पडले तर काही तरी धरायचे राहिले आहे, किंवा मध्यंतरी घरातले काही बदलले आहे. मुलगी अंबडला कॉलेजला जाऊ लागली, नवीन शेत ठोक्याने घेतले, दुभत्या म्हशी विकल्या, तर गेल्या वर्षाचे मीटर पुढच्या वर्षाला लागू पडत नाही.

एका महिन्याचे रनिंग घेऊन त्याला बाराने गुणण्याची चूक बरेच जण करतात. जानेवारी-फेब्रुवारीत ऊसतोड चालू असते, लग्नाच्या तारखा असतात. पावसाळ्यात काळ्या रानात गाडी जातच नाही, लोक ती रस्त्यावर लावून चिखल तुडवीत जातात. जुलैचा महिना धरला तर आकडा पडतो, फेब्रुवारीचा धरला तर चढतो. वर्ष पूर्ण मोजावे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दर महिन्याच्या एक तारखेला मीटरचा आकडा लिहिला की काम झाले. सणावरून, पाडवा ते पाडवा, असे मोजायला सोपे वाटते, पण अधिक महिना आला की ते वर्ष तेरा महिन्यांचे होते. इंग्रजी तारीखच बरी. जुने आकडे हवे असतील तर सर्व्हिसिंगच्या कार्डावर प्रत्येक वेळचे किलोमीटर लिहिलेले असतात. ते कार्ड फेकू नये.

पेट्रोलवरूनही अंदाज निघतो. आठवड्याला साडेतीन लिटर आणि लिटरला ५० धरले, तर १७५ किलोमीटर. ५२ आठवड्यांचे ९,१००. पण यात एक गोम आहे. आपल्याकडे फवारणीच्या पंपाचे पेट्रोलही पुष्कळदा गाडीच्या टाकीतूनच निघते. ज्या महिन्यात कपाशीवर फवारण्या झाल्या, त्या महिन्याचे पेट्रोल गाडीच्या नावावर धरू नये.

आलेल्या आकड्यावर दहा टक्के वाढवून ठेवावेत. वरच्या सभासदाचे ९,६५० चे साधारण १०,६०० होतील. त्याच्या वरचा जो टप्पा कंपनीकडे असेल, तो आपला.

बचत किती आणि जोखीम किती

आता पैशांचे बघू. उदाहरणापुरते धरा, गाडीची शोरूमची किंमत ८०,००० रुपये होती. तीन ते चार वर्षांच्या गाडीला ४० टक्के घसारा धरतात, म्हणजे विम्यात किंमत ४८,००० राहते. ओन डॅमेजचा हप्ता जुन्या दरपत्रकाच्या हिशेबाने आठशेच्या आसपास येतो. आज कंपन्या त्याहून कमीही लावतात. कमी रनिंगचा टप्पा घेतला म्हणून पंचवीस टक्के सवलत मिळाली असे धरले, तरी वाचले २०० रुपये. थर्ड पार्टीच्या हप्त्यात एक पैसा वाचला नाही, कारण त्याचा किलोमीटरशी संबंधच नाही.

या दोनशे रुपयांसाठी पाच हजार किलोमीटरचा टप्पा घेतला आणि वर्षाला साडेनऊ हजार चालवली, तर वर्षाचा जवळजवळ निम्मा काळ गाडी आपल्या नुकसानीच्या विम्याशिवाय फिरणार. पॉलिसी जूनमध्ये घेतली असेल, तर किलोमीटर संपण्याची वेळ नेमकी गाळप हंगामात येते. त्या दिवसांत धुळे–सोलापूर महामार्गावर, म्हणजे पूर्वीच्या २११ आणि आताच्या ५२ नंबरवर, रात्री काय स्थिती असते ते आपण जाणतो. दोन ट्रॉल्यांचे उसाचे ट्रॅक्टर, मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने भरलेले. तिथे पुढचा फोर्क, चाक, हेडलाइट आणि टाकी गेली, तर दहा-बारा हजारांचा खर्च सहज लागतो. माझ्या मते रोज शेताला जाणाऱ्या गाडीसाठी आधी किलोमीटर विकत घेण्याची पॉलिसी हा फायद्याचा सौदा नाही. साधी पूर्ण पॉलिसी घ्यावी, किंवा वर्षाअखेर सवलत देणारा दुसरा प्रकार मिळाला तर तो घ्यावा.

मग ही सोय कोणाला? घरातली दुसरी, जुनी गाडी. मुलगा पुण्याला नोकरीला लागला, त्याची गाडी ओसरीत उभी, तो दिवाळीला आला की फिरते. किंवा आजोबांची स्कूटी, जी मारुतीच्या पारापर्यंत जाते आणि येते. अशा गाडीचे रनिंग वर्षाला हजार-दीड हजाराच्या वर जात नाही, आणि चोरी-आगीचा धोका तर उभ्या गाडीलाही असतो. तिथे लहान टप्पा जरूर घ्यावा. फक्त किलोमीटर संपल्यानंतर चोरी आणि आगीची भरपाई चालू राहते की नाही, हे कंपनीला आधी विचारून लेखी घ्यावे.

'रनिंग कमी, मग नुसती थर्ड पार्टी बास'

हा विचार फार जणांचा असतो आणि जुन्या गाडीपुरता तो हिशेबाला बरोबरही दिसतो. दहा वर्षांच्या गाडीची किंमत ती काय, तिचा विमा कशाला? पण यात एक गोष्ट सुटते, ती मागे बसणाऱ्याची.

नुसत्या कायद्यापुरत्या थर्ड पार्टी पॉलिसीत मोटारसायकलवर मागे बसलेला माणूस धरला जात नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तिलकसिंग खटल्यात दिला आहे. पूर्ण, म्हणजे पॅकेज पॉलिसी असेल तर तो धरला जातो; विमा नियामकांनी २००९ मध्ये कंपन्यांना तसे स्पष्ट कळवले होते. आपल्याकडे मागे कोण बसते? घरची मंडळी. बहिणीला सोडायला, आईला दवाखान्यात न्यायला, शेजाऱ्याला बाजारला घ्यायला. शेजारी मागे बसलेला असताना गाडी पडली आणि त्याला कायमचे अपंगत्व आले, तर तो किंवा त्याचे घरचे लोक मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा करतात. कंपनी म्हणते, आमची जबाबदारी नाही. रक्कम मग गाडीमालकावर येते. मालकाकडे रोख नसते, पण सातबारा असतो. रनिंग कमी आहे म्हणून ओन डॅमेज सोडताना ही बाजू डोळ्यांपुढे ठेवावी. पॅकेज पॉलिसी घ्यायचीच नसेल, तर मागे बसणाऱ्यासाठी वेगळा जोड मिळतो का, ते विचारावे.

गाडी चालवणाऱ्या मालकासाठी १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा वेगळा असतो. तो किलोमीटरवर नाही, पण मालकाकडे चालू लायसन असावे लागते.

थर्ड पार्टी अजिबातच नसणे ही गोष्ट मात्र रनिंगचे कोणतेही कारण सांगून चालणारी नाही. "गाडी फक्त शेतात जाते" हे उत्तर पोलीसही ऐकत नाहीत आणि कोर्टही. शेताला जायला सार्वजनिक रस्ता ओलांडावाच लागतो. विमा नसलेली गाडी सापडली तर पहिल्या वेळी दोन हजार आणि पुढच्या वेळी चार हजार रुपये दंड, आणि तीन महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे. दंड एकवेळ परवडेल. अपघातात माणूस गेला तर थर्ड पार्टीच्या भरपाईला वरची मर्यादा नाही. मर्यादा आहे ती मालमत्तेच्या नुकसानीला, दुचाकीसाठी एक लाखाची. ही अमर्याद रक्कम विमा असेल तर कंपनी देते, नसेल तर आपण. २०१८ च्या सप्टेंबरपासून नव्या दुचाकीला पाच वर्षांची थर्ड पार्टी एकदम घ्यावी लागते. त्यामुळे ज्यांनी तेव्हा किंवा नंतर गाड्या घेतल्या, त्यांना सवय राहिलेली नाही, आणि पाच वर्षे संपली ते कळतही नाही. अशा सभासदांनी आजच पॉलिसी काढून तारीख बघावी.

आणि मुलाचे महिन्याचे शंभर किलोमीटर आपण वर धरले, ते तो अठरा वर्षांचा आणि लायसनवाला असेल तर. लायसन नसलेल्याने चालवताना अपघात झाला, तर कंपनी जखमी माणसाला पैसे देऊन नंतर ते मालकाकडून वसूल करू शकते. २००४ च्या स्वर्णसिंग खटल्यापासून न्यायालये तसे आदेश देत आली आहेत. मुलगा अल्पवयीन असेल तर पालकावर किंवा गाडीमालकावर २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत शिक्षेची वेगळी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने झाली आहे.

मीटर चालू ठेवा

हे सगळे गणित मीटरवर उभे आहे, आणि गटातल्या किती तरी गाड्यांचे मीटर बंद आहेत. जुन्या गाडीला पुढच्या चाकाकडून मीटरला केबल जाते. चिखलात, पाचटात अडकून ती तुटते. गाडी चालायची थांबत नाही, म्हणून कोणी ती बदलत नाही, आणि आकडा वर्षानुवर्षे तिथेच उभा राहतो. रनिंगवर घेतलेल्या पॉलिसीला बंद मीटर म्हणजे काट्याशिवाय ऊस मोजण्यासारखे आहे. कंपनीने शंका घेतली तर आपल्या हातात दाखवायला काही राहत नाही. केबल स्वस्त असते. ती आधी टाकावी, मग पॉलिसी घ्यावी. मीटर बदलावे लागले, तर जुन्याचा शेवटचा आकडा आणि नव्याचा पहिला आकडा यांचे फोटो काढून बिलासोबत ठेवावेत आणि कंपनीला कळवावे. मीटर मागे फिरवून देणारे मिस्त्रीही असतात. त्यांच्या वाटेला जाऊ नये. सर्व्हिसिंगच्या कार्डावर आधीचा आकडा लिहिलेला असतो आणि तो मागे फिरत नाही.

पॉलिसी सुरू होण्याच्या दिवशी मीटरचा फोटो काढावा. नंबर प्लेटही एका फोटोत यावी. कंपनी मागो न मागो, तो आपल्याजवळ असू द्यावा.

ज्यांनी किलोमीटरची पॉलिसी आधीच घेतली आहे, त्यांनी चार महिन्यांनी एकदा मीटर बघावे. घेतलेल्या किलोमीटरपैकी एक तृतीयांशापेक्षा जास्त संपले असतील, तर वर्ष पुरणार नाही असे समजावे. पॉलिसी पावसाळ्याच्या तोंडाशी सुरू झाली असेल, तर हंगाम अजून यायचा आहे हेही धरावे. जादा किलोमीटर घ्यायचे ते हातात पाचशे-सातशे शिल्लक असतानाच घ्यावेत. अपघात झाल्यावर घेतलेले किलोमीटर त्या अपघाताला लागू होत नाहीत.